स्मृतिभ्रंश आणि सूक्ष्मदर्शक : डॉ. अलॉइस अल्झायमर यांचे कार्य व आपला व्यवसाय

रोगविज्ञान व विकृतिविज्ञान हा विषय पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनीच अभ्यासला आहे. पदवी हाती पडल्यानंतर निदानपंचक आपल्यासोबत चिकित्सालयात येते. विकृतिविज्ञान मात्र हळूहळू प्रयोगशाळेतून येणाऱ्या छापील अहवालापुरते उरते. त्यातही मस्तिष्काचे विकृतिविज्ञान म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने परका प्रांत. तथापि हा प्रांत परका ठेवून आता भागणारे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीवर आधारित अनुमानानुसार आपल्या देशातील साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. यांतील कितीतरी कुटुंबे आधी वैद्याकडे येतात, अथवा थेट औषधी दुकानाच्या फळीवर येऊन ‘आबांसाठी ब्राह्मीचे काहीतरी द्या’ असे सांगतात. आणि अलीकडे रोगाचे नावही तेच घेऊन येतात : अल्झायमर.

हे नाव एका वैद्याचे आहे. रुग्ण जिवंत असता त्याच्या उशाशी बसून प्रश्न विचारणे आणि रुग्ण गेल्यानंतर त्याच्या मस्तिष्काचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही दोन्ही कामे त्याने एकाच हाताने केली. त्या कामाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मृतदेहाचे अवलोकन आपल्या परंपरेस नवे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात शव गवतादिकांनी वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे व नंतर वाळा, बांबू इत्यादींच्या कूर्चाने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे सांगितले आहे. प्रत्यक्ष पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले यांचा मेळ घातल्यानेच ज्ञान वाढते, ही त्यामागील भूमिका. पण या पद्धतीत एक अडचण होती. पाण्यात सात रात्री राहिलेल्या शवाचे अस्थी, स्नायू, सिरा दिसतील. मस्तुलुंग मात्र दिसणार नाही. तो अवयव सर्वांत आधी विरघळतो. मस्तिष्क पाहावयाचा तर तो आधी टिकवला पाहिजे आणि नंतर रंगवला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साध्य झाल्या, आणि त्यांतील बराच भाग जर्मनीतील फ्रँकफुर्ट या एकाच नगरात घडला.

फ्रँकफुर्टचे रुग्णालय

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या लहान गावी झाला. १८८७ साली ते व्युर्त्सबुर्ग येथे वैद्यकाचे पदवीधर झाले. त्यांचा प्रबंध कानातील मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर होता, हे वाचून मौज वाटते. पण त्या प्रबंधामुळे सूक्ष्मदर्शकावर त्यांचा हात बसला. १८८८ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्ण व अपस्माराच्या रुग्णांसाठी असलेल्या नगर रुग्णालयात रुजू झाले. लोक त्या इमारतीस ‘वेड्यांचा राजवाडा’ म्हणत. प्रमुख होते एमिल सिओली. रुग्णांना बांधून ठेवण्याऐवजी मोकळे ठेवावे, क्षोभ झाल्यास उष्णजलाच्या अवगाहात दीर्घकाळ बसवावे, अशी तेथील पद्धत होती.

१८८९ मध्ये फ्रान्झ निस्ल हे तेथे आले. विद्यार्थिदशेतच निस्ल यांनी मद्यार्काने घट्ट केलेल्या मस्तिष्कास विशिष्ट रंगद्रव्य देऊन मज्जापेशीचा देह स्वच्छ दाखवणारी रंजनपद्धती शोधली होती. दिवसा रुग्णतपासणी आणि रात्री दोघांनी शेजारी शेजारी बसून काचपट्ट्या पाहणे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्याच नगरात कार्ल वायगर्ट हे मज्जातंतूंच्या आवरणाचे रंजन विकसित करीत होते. आणि तेथेच १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम यांना फॉर्मालिनमध्ये अवयव टिकतात व घट्ट होतात हे आढळले. आजही जगातील प्रत्येक मस्तिष्क तपासणीपूर्वी साधारण दोन आठवडे त्याच द्रवात ठेवला जातो.

अल्झायमर यांचे या काळातील मुख्य काम स्मृतिभ्रंशावर नव्हतेच. फिरंगोपद्रवामुळे होणारा सार्वदैहिक पक्षाघातयुक्त उन्माद त्या काळी मनोरुग्णालये भरून टाकीत असे. तो रोग, धमन्यांच्या काठिण्याने होणारा मस्तिष्कक्षय, आणि वार्धक्यातील मस्तिष्कक्षय हे तिन्ही बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसत. रुग्ण विसरतो, भटकतो, रडतो, संशय घेतो. कोणत्या रुग्णास कोणता रोग, हे जिवंतपणी सांगणे कठीण होते. अल्झायमर यांनी मस्तिष्काच्या कापांवरून या रोगांची लक्षणे एकमेकांपासून वेगळी केली. १९०४ चा त्यांचा मोठा प्रबंध याच फिरंगजन्य विकृतीवर आहे. पुढे १९१३ मध्ये नोगुची व मूर यांनी अशा रुग्णांच्या मस्तिष्कात फिरंगाचे जंतू प्रत्यक्ष दाखवले, आणि पेनिसिलिन आल्यावर हा रोग रुग्णालयांतून जवळपास नाहीसा झाला. व्याधी नेमका वेगळा काढला गेला नसता तर हे घडणे अवघड होते.

ऑगस्टे डी. यांचे रुग्णपत्रक

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी एका रेल्वे कारकुनाची ५१ वर्षांची पत्नी रुग्णालयात दाखल झाली. वैद्यकीय वाङ्मयात ती ‘ऑगस्टे डी.’ या नावाने प्रसिद्ध आहे. पतीने सांगितलेली पहिली तक्रार स्मृतीची नव्हती, मत्सराची होती. कोणतेही कारण नसता ती पतीच्या चारित्र्याचा संशय घेऊ लागली. मग स्वयंपाकात चुका, वस्तू भलत्याच जागी लपवणे, घरात निरर्थक फिरणे, आणि नंतर विसर.

चरकाचार्यांनी उन्मादाच्या व्याख्येत मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार अशा आठ भावांचा विभ्रम सांगितला आहे, हे वाचकांस स्मरत असेलच. ऑगस्टेच्या बाबतीत भक्ती व शील आधी बिघडले, स्मृती मागाहून. आमच्या अनुभवात नातेवाईक पहिली गोष्ट ‘म्हातारपणी स्वभाव बदलला’ म्हणून सोडून देतात आणि दुसऱ्या गोष्टीपासून रोगाचा आरंभ धरतात. इतिवृत्त घेताना स्मृतीपूर्वीच्या दोन वर्षांबद्दल मुद्दाम विचारावे. सुनेने सांगितलेला वृत्तान्त पुष्कळदा मुलाने सांगितलेल्यापेक्षा अधिक उपयुक्त असतो.

दुसऱ्याच दिवशी अल्झायमर तिच्यासमोर बसले. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि तिने दिलेली उत्तरे जशीच्या तशी कागदावर उतरली आहेत. नाव विचारता तिने आपले नाव सांगितले; आडनाव विचारता पुन्हा तेच; पतीचे नाव विचारता तेही तेच. जेवणात फुलकोबी व मांस चालले असता काय खाते आहेस या प्रश्नास तिने पालक असे उत्तर दिले. पेन्सिल, लेखणी, किल्ली, विडी या वस्तू दाखवल्यावर तिने नावे बरोबर सांगितली, पण थोड्या वेळाने काय काय दाखवले होते ते तिला आठवेना. नाव लिहावयास सांगितले तर पहिला शब्द लिहून पुढचे विसरली. लिहिता लिहिता ती आपण स्वतःलाच हरवून बसल्याचे बोलली, तेही कागदावर नोंदले गेले.

ही नोंद आम्ही विस्ताराने दिली, त्यास कारण आहे. त्यात ‘स्मृतिनाश – तीव्र’ असा एकही शेरा नाही. रुग्ण काय बोलला, काय करू शकला, काय करू शकला नाही एवढेच आहे. आपल्यापैकी किती जणांच्या रुग्णपत्रकावरून सहा महिन्यांनी रुग्ण सुधारला की खालावला हे ठरवता येईल? ‘उपशय आहे’ असे दोन शब्द लिहून आपण पुढील रुग्ण बोलावतो. पंधरा मिनिटे देऊन तेच चार प्रश्न, त्याच चार वस्तू, तारीख घालून, प्रत्येक तीन महिन्यांनी विचारावयास कोणतेही यंत्र लागत नाही.

अल्झायमर १९०३ मध्ये फ्रँकफुर्ट सोडून एमिल क्रेपलिन यांच्याकडे प्रथम हायडेलबर्गला व नंतर म्युनिकला गेले. ऑगस्टे फ्रँकफुर्टलाच राहिली. शेवटी ती अंथरुणास खिळली, शय्याव्रण झाले, आणि ८ एप्रिल १९०६ रोजी जंतुसंसर्गाने तिचा अंत झाला. अल्झायमर यांनी तिची चौकशी सोडली नव्हती. सिओली यांनी तिचा मस्तिष्क व रुग्णपत्रक म्युनिकला पाठवले.

काचपट्टीवर काय दिसले

मस्तिष्क सर्वत्र सारखाच क्षीण झाला होता. एखाद्या ठिकाणी गाठ, रक्तस्राव वा मृदुता अशी स्थानिक विकृती नव्हती. केवळ डोळ्यांनी पाहून येथेच थांबावे लागले असते. पण मॅक्स बिल्शोव्स्की यांनी नुकतीच, १९०२-०३ च्या सुमारास, रौप्यक्षाराने मज्जापेशीतील सूक्ष्म तंतू काळे करून दाखवणारी पद्धती दिली होती. ती वापरताच चित्र पालटले. पेशींच्या आत एरवी केसासारखे दिसणारे तंतू जाड होऊन, एकमेकांस चिकटून, गुंता झाले होते. काही ठिकाणी पेशी पूर्ण नष्ट झालेली, केंद्रही उरलेले नाही, आणि पेशी जेथे होती तेथे तेवढा गुंताच शिल्लक. बाह्यस्तरातील सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश पेशींची अशी स्थिती होती. शिवाय सर्वत्र विखुरलेले बारीक ठिपके होते. त्यांत काही निराळेच द्रव्य साचलेले.

ठिपके नवे नव्हते. ब्लॉक व मारिनेस्को यांनी १८९२ मध्येच ते पाहिले होते, आणि प्रागचे ओस्कार फिशर यांनी १९०७ मध्ये वार्धक्यजन्य स्मृतिभ्रंशाच्या १६ मस्तिष्कांपैकी १२ मध्ये ते आढळल्याचे प्रसिद्ध केले. पेशीतील गुंता मात्र अल्झायमर यांनी प्रथम वर्णिला. आणि तोही पन्नाशीतील रुग्णात, जेथे वार्धक्याचे कारण पुढे करता येत नव्हते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे नैऋत्य जर्मनीतील मनोरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हा वृत्तान्त मांडला. एकही प्रश्न विचारला गेला नाही. १९०७ मध्ये तो छापून आला, तोही अगदी थोडक्यात.

१९१० मध्ये क्रेपलिन यांनी आपल्या मनोरोगावरील ग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले. एवढ्या मोजक्या रुग्णांवरून एवढी घाई का, याविषयी इतिहासकारांत अद्याप मतभेद आहेत. प्रागच्या प्रयोगशाळेशी असलेल्या स्पर्धेचाही उल्लेख होतो. आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते हे, की स्वतः अल्झायमर यांनी १९११ च्या लेखात हा खरोखर स्वतंत्र व्याधी आहे की वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचेच अकाली आलेले रूप आहे, अशी शंका उपस्थित केली. त्यांच्या दुसऱ्या रुग्णात, योहान एफ. यांच्यात, ठिपके होते पण गुंता नव्हता. ते त्यांनी लपवले नाही.

म्युनिकच्या या प्रयोगशाळेत देशोदेशीचे तरुण वैद्य शिकावयास येत. काही काळ अल्झायमर तेथे विनावेतन काम करीत. दिवंगत पत्नीकडून आलेल्या संपत्तीवर त्यांचा चरितार्थ चाले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसून समजावताना ते हातातील सिगार तेथेच ठेवीत आणि विसरून पुढे जात, त्यामुळे संध्याकाळी प्रत्येक मेजावर एकेक अर्धी सिगार उरे, अशी आख्यायिका आहे. क्रॉइट्झफेल्ट, याकोब, लेवी ही पुढे रोगांना व विकृतींना चिकटलेली नावे याच वर्तुळातील होत. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ, म्हणजे आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ, येथे त्यांस प्राध्यापकपद मिळाले. पण प्रवासातच ते आजारी पडले, हृदय बिघडले, आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ऑगस्टेचे हरवलेले रुग्णपत्रक डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या दप्तरात सापडले, आणि तिच्या मस्तिष्काच्या काचपट्ट्याही पुढे म्युनिकच्या संग्रहात मिळाल्या. नव्वद वर्षांनंतर दुसऱ्या तज्ज्ञांनी त्या पाहिल्या. ठिपके व गुंता जसे लिहिले होते तसेच होते. तिचा रोग आनुवंशिक होता काय, यावर २०१३ मध्ये एका गटाने होकारार्थी निष्कर्ष काढला, दुसऱ्या गटास पुढील वर्षी तो पडताळता आला नाही. जुनी काचपट्टी जपून ठेवली की शंभर वर्षांनीही वाद घालता येतो!

आज हे काम कसे चालते

मस्तिष्कविकृतितज्ज्ञाचे काम केवळ मृतांशी नसते. शस्त्रकर्म चालू असता मस्तिष्कातील गाठीचा तुकडा त्याच्याकडे येतो, आणि तिकडे शल्यचिकित्सक हात थांबवून उत्तराची वाट पाहत असतात. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे डॉ. दाराब दस्तूर यांचे नाव आदराने घेतले जाते. कुष्ठरोगात नसांमध्ये नेमके काय घडते यावरील त्यांचे काम प्रसिद्ध आहे. बंगळुरू येथील निमहान्स संस्थेत डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये मस्तिष्क-पेढी सुरू झाली. नातेवाइकांच्या संमतीने तेथे मस्तिष्क स्वीकारला व जतन केला जातो.

ठिपक्यांतील द्रव्य अमायलॉइड जातीचे एक प्रथिन आहे हे १९८४ मध्ये ग्लेनर व वाँग यांच्या कामावरून उलगडू लागले. गुंत्यातील प्रथिन ‘टाऊ’ हे त्यानंतर एक-दोन वर्षांत निश्चित झाले. १९९१ मध्ये हाइको व एव्हा ब्राक या दांपत्याने गुंता मस्तिष्कात कोणत्या क्रमाने पसरतो ते सहा अवस्थांत मांडले. आरंभ स्मृतीशी निगडित अशा शंखप्रदेशाच्या आतील भागात होतो, आणि तो लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी होतो. षट्क्रियाकालाची आठवण येथे कोणासही होईल. संचय झालेला, प्रसर चालू, आणि व्यक्ती अद्याप दूर.

परंतु विकृती आणि लक्षण यांचे गणित सरळ नाही. अमेरिकेत १९८६ पासून डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास केला. सर्वांनी मरणोत्तर मस्तिष्कदान मान्य केले होते. त्यांत एक १०१ वर्षे जगलेल्या भगिनी अखेरपर्यंत स्मृतिपरीक्षांत उत्तम होत्या, पण मस्तिष्कात ठिपके आणि गुंता विपुल सापडले. उलट, अतिवृद्धांच्या मस्तिष्कात एकच विकृती क्वचित असते. धमन्यांची विकृती, अमायलॉइड, अन्य प्रथिने, सारे एकत्र नांदते. सत्त्वबल व पूर्वायुष्यातील संस्कार यांचा विचार करणाऱ्या आपल्या शास्त्रास हे अपरिचित वाटू नये.

आपल्या परिभाषेविषयी थोडे

सुश्रुताचार्यांनी जरेस स्वभावबलप्रवृत्त व्याधींत गणून तिचे कालज व अकालज असे दोन भेद केले आहेत. शरीराचे नीट रक्षण केले असता योग्य काळी येते ती कालज, न केल्यास अवेळी येते ती अकालज. अल्झायमर यांचा १९११ चा प्रश्न हाच होता. पाश्चात्त्य वैद्यकात त्याचे उत्तर बराच काळ ‘दोन वेगळे रोग’ असे राहिले. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही एकच असल्याचे आग्रहाने मांडल्यानंतर वृद्धांचा स्मृतिभ्रंश हा वयाचा धर्म नसून व्याधी आहे, ही दृष्टी रूढ झाली.

येथे एका प्रवृत्तीविषयी लिहिणे आवश्यक आहे. परिसंवादांतून अमायलॉइड म्हणजेच आम, टाऊ म्हणजेच प्रकुपित वात, अशी समीकरणे ऐकू येतात. ध्वनिसाम्यावर शास्त्र उभे राहत नाही. आम हा जाठराग्नी वा धात्वग्नीच्या मांद्यातून उत्पन्न होतो, त्यास स्वतःची लक्षणे आहेत, त्याची चिकित्सा लंघन-पाचनाने होते. सत्तर वर्षांच्या कृश, वातप्रकृतीच्या, अल्पाहारी वृद्धेस केवळ या समीकरणावर लंघन द्यावयाचे काय? आमच्या मते अशा वृद्धात मज्जाक्षय, वातवृद्धी व ओजःक्षय यांचा विचार शास्त्रसंमत आहे, आणि स्नेहन, बृंहण, रसायन ही दिशा त्यातून निघते. त्यासाठी जर्मन काचपट्टीचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि त्या काचपट्टीस आपल्या संज्ञा चिकटवण्याचीही गरज नाही.

निदान आधी

सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. विसरणारा प्रत्येक वृद्ध अल्झायमरचा नसतो. जीवनसत्त्व बी-१२ ची न्यूनता (आपल्याकडील शाकाहारी वृद्धांत ती विशेष पाहावी), अवटुग्रंथीचे मांद्य, विषाद, निद्रेच्या व अन्य गोळ्यांचा परिणाम, मस्तिष्कातील जलवृद्धी, आणि डोक्याच्या जुन्या आघातानंतर आवरणाखाली साचलेले रक्त, ही सर्व कारणे स्मृतिभ्रंशाचे सोंग आणतात आणि वेळीच ओळखल्यास पुष्कळदा सुधारतात.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावाहून ६८ वर्षांचे निवृत्त शिक्षक आमच्याकडे आणले गेले. दीड-दोन महिन्यांपासून विसर, दिवसा झोप, चालताना एका बाजूस झोल. अन्यत्र त्यांस तीन आठवडे मेध्य औषधांचा कल्प चालू होता आणि ‘वयोमानाने असे होतेच’ असे सांगण्यात आले होते. गुरुजींच्या पत्नी बाजूस बसल्या होत्या. पडले होते का, असे विचारता त्या म्हणाल्या, “वैद्यबुवा, दिवाळीच्या आधी न्हाणीघरात पाय घसरला होता, पण लागलं काहीच नव्हतं.” आम्ही औषध न देता सीटी स्कॅनसाठी पाठवले. आवरणाखाली रक्त साचलेले निघाले, त्याच आठवड्यात शस्त्रकर्म झाले, आणि महिन्याभराने गुरुजी स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून आले. ब्राह्मीने त्यांचे काही बिघडवले नव्हते, पण आणखी काही आठवडे तीच देत राहण्याने जीव गेला असता.

म्हणून स्मृतीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक वृद्धाचे बी-१२, अवटुग्रंथीची व रक्तशर्करेची तपासणी आणि एकदा मस्तिष्काचे चित्रण झाल्याखेरीज दीर्घ रसायनकल्प सुरू करू नये, असे आम्ही निःसंकोच सुचवतो. औषधी दुकानदार बंधूंनीही पडण्याचा इतिहास, अलीकडे अचानक झालेला विसर, चालण्यातील बदल वा लघवीवरील ताबा जाणे यांपैकी काही ऐकले तर बाटली देण्याआधी रुग्णास चिकित्सकाकडे धाडावे.

औषध आणि लेबल

अल्झायमरवर आजही उच्छेद करणारे औषध कोणत्याच शास्त्राकडे नाही. अमायलॉइड काढून टाकणारे लेकानेमॅब अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता पावले. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंद केला, पण काही रुग्णांत मस्तिष्कशोथ व रक्तस्राव हे उपद्रव झाले. त्याच वर्गातील एक औषध, अडुकानुमॅब, २०२१ मध्ये वादग्रस्त मान्यता मिळून २०२४ मध्ये उत्पादकानेच बंद केले. आपल्या बाजूचे चित्रही प्रामाणिकपणे पाहावे. ब्राह्मीच्या सुमारे बारा आठवड्यांच्या सेवनाने निरोगी प्रौढांच्या स्मरणात काही सुधारणा झाल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण निरोगी प्रौढ म्हणजे अल्झायमरचा रुग्ण नव्हे. हळदीतील कुर्कुमिनविषयी प्रयोगशाळेतून मोठ्या आशा निर्माण झाल्या होत्या. हाँगकाँगच्या २००८ च्या व कॅलिफोर्नियाच्या २०१२ च्या लहान चाचण्यांत रुग्णांस स्पष्ट लाभ दिसला नाही.

असे असता ‘स्मृतिभ्रंश मुळापासून बरा’ अशा पाट्या व पत्रके दिसतात. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मस्तिष्काचे रोग व विकार स्पष्ट नमूद आहेत, आणि तो कायदा आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीसही लागू आहे, हे सभासदांनी विसरू नये. रुग्णाच्या कुटुंबास आपण निश्चितपणे देऊ शकतो ते पुष्कळ आहे : निद्रा सुधारणे, कोष्ठशुद्धी, अभ्यंग, पादाभ्यंग, क्षोभ कमी करणे, शय्याव्रण टाळणे. ऑगस्टेचा अंत मस्तिष्कातील गुंत्याने नव्हे, शय्याव्रणातून झालेल्या संसर्गाने झाला होता. शुश्रूषा करणाऱ्या घरच्या स्त्रीस दुपारची दोन तास विश्रांती मिळावी यासाठी तिच्या दिरास चार शब्द सांगणे, हेही चिकित्सेतच धरावे.

शेवटी निर्माणशाळा चालवणाऱ्या सभासदांसाठी एक गोष्ट. चरकोक्त चार मेध्य रसायनांत मण्डूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचे चूर्ण दुधासह, गुडूचीचा स्वरस व शंखपुष्पीचा कल्क सांगितला आहे. आपल्या बाजारात ‘ब्राह्मी’ मागितली तर पुष्कळदा मण्डूकपर्णी मिळते. शासकीय आयुर्वेदीय औषधकोशात या दोन वनस्पती स्वतंत्र आहेत. शंखपुष्पीचे त्याहून बिकट आहे. उत्तरेत ज्या वेलीस शंखपुष्पी म्हणतात ती, विष्णुक्रांता, आणि केरळात त्या नावाने वापरली जाणारी अपराजिता, या तिन्ही वाळवून कुटल्या की डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. चूर्णाचा सूक्ष्मदर्शकाखालील तपशील त्याच औषधकोशात दिलेला आहे : पर्णरंध्रांची ठेवण, रोमांचा आकार, स्फटिकांचे प्रकार. साधा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि क्लोरल हायड्रेटचा द्रव एवढ्या साहित्यात पोते उतरवून घेण्याआधी अर्ध्या तासात ही पारख होते. ज्या सभासदांकडे सूक्ष्मदर्शक धूळ खात पडला असेल त्यांनी आधी खात्रीच्या, स्वतः बागेतून खुडलेल्या ब्राह्मीची व मण्डूकपर्णीची एकेक काचपट्टी करून ठेवावी, तिच्यावर नाव व तारीख घालावी, आणि पुढे येणारा प्रत्येक माल तिच्याशी ताडून पाहावा.